प्रकटवाचनाची रुब्रिक वर्गातच राहू द्या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे

महोदय,



पहिली-दुसरीतल्या मुलाचे प्रकटवाचन ऐकून त्याला कोणत्या पायरीवर ठेवायचे, हा प्रश्न आज राज्यातल्या प्रत्येक प्राथमिक शिक्षकासमोर आहे. ५ जुलै २०२१ रोजी निपुण भारत अभियान सुरू झाले आणि तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे, हे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे ठरले. पाठोपाठ एनसीईआरटीच्या ‘पारख’ने समग्र प्रगती पत्रक आणले. त्यात लहान मुलांसाठी गुणांऐवजी झरा, पर्वत, आकाश अशा पायऱ्या आहेत. त्यामुळे एरवी बी.एड.च्या पुस्तकात राहणारा ‘रुब्रिक’, म्हणजे वर्णनात्मक पायऱ्यांची पट्टी, हा शब्द शाळांच्या केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेपर्यंत येऊन पोहोचला. मी रुब्रिकच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगतो. वाचनासारखी गोष्ट बरोबर-चूक या दोन खुणांत मावत नाही, आणि मूल कसे वाचते हे शब्दांत मांडणारे साधन शिक्षकाच्या हाती हवेच. माझी विनंती वेगळी आहे. ही रुब्रिक शिक्षकाला ऐकायला शिकवण्यासाठी वापरा. तिच्यातून निघालेली पातळी मुलाच्या नावानिशी तालुक्याला, जिल्ह्याला आणि ॲपवर मागवू नका. ज्या दिवशी ती वर जाऊ लागेल, त्या दिवसापासून तिच्यात मुलाचे वाचन उमटणार नाही, साहेबांचे उद्दिष्ट उमटेल.

रुब्रिकची गरज का पडते, हे कळण्यासाठी आधी घड्याळाकडे बघावे लागेल. निपुणच्या लक्ष्यांनुसार दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द, अर्थासह, वाचायचे आहेत. वेगामागचा विचार खोटा नाही. १९७४ साली लाबर्ज आणि सॅम्युएल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडले की अक्षरे सोडवण्यातच सगळे लक्ष खर्च झाले तर अर्थासाठी काही उरत नाही. शब्द ओळखणे आपोआप व्हायला लागले की मन मजकुराकडे मोकळे होते. त्यानंतर जगभर ‘मिनिटाला किती शब्द’ हे माप रुजले, कारण ते स्वस्त आहे आणि मोबाइलमधल्या घड्याळावर जमते. अडचण अशी की मराठीत ‘एक शब्द’ हे मापच धड नाही. ‘बघ कमल, घर बघ. चल, फळ धर. बस.’ हे आठ शब्द झाले. ‘शेजारच्या काकूंनी बाजारातून आणलेल्या पेरूंपैकी दोन मला दिले’ हेही आठच शब्द. पहिल्यात सतरा अक्षरे, एकही काना-मात्रा नाही. दुसऱ्यात सव्वीस, त्यातली दोन जोडाक्षरे आणि जवळजवळ प्रत्येक शब्दाला प्रत्यय. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. इंग्रजीत जे तीन-चार सुट्या शब्दांत येते ते आपल्याकडे ‘घरासमोरच्या’ एवढ्या एका शब्दात येते. मग उतारा निवडणाऱ्याने मनात आणले तर तेच मूल सकाळी निपुण आणि दुपारी मागे. केंद्र सरकारला हे उमगलेले नाही असे नाही. २०२२ साली तिसरीच्या मुलांचे पायाभूत अध्ययन सर्वेक्षण झाले, वीस भाषांत, सुमारे ८६ हजार मुलांना एकेकटे बसवून. त्यात वाचनाच्या वेगाचे टप्पे प्रत्येक भाषेसाठी वेगळे ठरवले गेले. म्हणजे ६० हा आकडा सर्व भाषांना लागू होत नाही, हे सरकारी अभ्यासानेच मान्य केले. अभियानाच्या लक्ष्यांत मात्र सगळ्या भाषांना एकच आकडा दिलेला आहे.

आता घड्याळ बाजूला ठेवून नुसते ऐकू. समजा दुसरीच्या तीन मुलांसमोर हाच मजकूर आहे: ‘आजीने अंगणात सडा घातला आणि दारापुढे रांगोळी काढली. कोंबडीची पिल्ले तिच्यामागे धावली.’ पहिले मूल बाराही शब्द एका दमात, अचूक वाचते. पूर्णविरामाशी थांबत नाही. ‘रांगोळी काढली कोंबडीची’ असे जोडून म्हणते आणि ‘पिल्ले तिच्यामागे धावली’ वेगळे. कोण धावले असे विचारले तर सांगते, आजी. दुसरे मूल ‘अंगणात’पाशी अडते. अं, ग, णा, त असे सोडवते, मग मागे जाऊन ‘आजीने अंगणात’ पुन्हा एकत्र म्हणते आणि पुढे जाते. त्याला दुप्पट वेळ लागतो, पण पिल्लांपाशी आल्यावर ते हसते. तिसरे मूल सहज, गोष्ट सांगावी तसे वाचते: ‘आजीनं अंगनात सडा घातला... पिल्लं तिच्यामागं धावली.’ घड्याळ आणि चुकांचा हिशेब लावला तर पहिला क्रमांक पहिल्याचा. तिसऱ्याच्या बारा शब्दांत चार चुका, म्हणजे तो बहुधा नापास. मराठी कानाला मात्र कळते की तिघांत खरा वाचक तिसरा आहे. त्याने छापील ‘आजीने’ डोळ्यांनी घेतले, अर्थ लावला आणि आपल्या बोलीत ‘आजीनं’ म्हणून बाहेर काढले. हे उलटे चालत नाही. अर्थ न लागता, नुसती अक्षरे सोडवून ‘आजीने’चे ‘आजीनं’ होऊ शकत नाही.

हा फरक टिपायला रुब्रिक लागते. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय मूल्यमापनात चौथीच्या मुलांचे प्रकटवाचन ध्वनिमुद्रित करून चार पायऱ्यांच्या पट्टीवर तपासले गेले. सगळ्यात खालच्या पायरीवर शब्द-शब्द सुटा वाचणारे, वरच्या पायरीवर अर्थपूर्ण शब्दगटांत आणि भावासह वाचणारे. मला त्या अभ्यासातली एक गोष्ट विशेष वाटते. अचूकता, वेग आणि ओघ या तीन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या तपासल्या, एकात एक मिसळल्या नाहीत. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, झुटेल आणि रासिन्स्की यांनी शिक्षकांसाठी बहुअंगी पट्टी तयार केली. तिच्या आज रूढ असलेल्या रूपात आवाजातला भाव व आवाजाची पातळी, शब्दगट, सफाई आणि वेग अशी चार अंगे आहेत, प्रत्येकाला एक ते चार, म्हणजे एकूण चार ते सोळा. आपल्याकडच्या प्रशिक्षणांत रुब्रिक म्हणून फिरणारे कागद बहुतेक याच घराण्यातले असतात. त्यांचे नुसते भाषांतर करून चालणार नाही. मोठा आवाज हे वाचनाचे लक्षण मानले, तर कोपऱ्यात बसून हळू आवाजात सुरेख वाचणारी मुलगी खाली घसरते आणि पाठ केलेला धडा खणखणीत म्हणणारा वर चढतो. बेरजेने तर उरलेसुरलेही पुसले जाते. एका मुलाचा वेग उत्तम पण वाक्य तुटते, दुसऱ्याचे वाक्य नीट पण वेग कमी. दोघांना दहा. उद्या वर्गात दोघांसोबत काय करायचे, हे त्या दहातून कुणालाच कळणार नाही.

मराठी वाचन ऐकताना काय ऐकायचे, हे मराठीतूनच ठरवावे लागेल, आणि ते काम आपल्या परिषदेशिवाय दुसरे कोणी करणार नाही. दोन-तीन गोष्टी सांगतो. आपण ‘घरात’ असे लिहितो, पण बोलताना शेवटचा ‘त’ पाय मोडल्यासारखा म्हणतो. अक्षर-अक्षर सोडवणारे मूल तो ‘त’ पूर्ण, ‘अ’कारासकट म्हणते. ज्या क्षणी त्याला शब्द ओळखू येतो, त्या क्षणी तो ‘अ’ गळून पडतो. ‘घ... रा... त... घरात!’ यातला शेवटचा उद्गार म्हणजे अक्षरांकडून शब्दाकडे मारलेली उडी. ती ज्याला ऐकू आली, त्या शिक्षकाला घड्याळ लागत नाही. तसेच ‘च’ आणि ‘ज’चे. ‘चमचा’तला च आणि ‘चंद्र’तला च लिपीत एकच, उच्चारात दोन. कोणता म्हणायचा हे अक्षर सांगत नाही, शब्द ओळखला तरच कळते. मुलाने आधी ‘चमचा’ चंद्राच्या ‘च’ने वाचला आणि लगेच दुरुस्त केला, तर ती चूक धरायची नसते. ते शब्द भेटल्याचे चिन्ह आहे. न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी वाचननोंदीची जी पद्धत घालून दिली, तिच्यात मुलाने स्वतः केलेल्या दुरुस्तीची वेगळी नोंद होते, ती यासाठीच. शिवाय मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे वाचणाऱ्याला कर्ता, कर्म आणि मधली विशेषणे ते येईपर्यंत मनात धरून ठेवावी लागतात. मूल कुठे थांबते यावरून त्याने किती धरून ठेवले आहे, ते कळते. ‘आजीने केलेली / गरम भाकरी’ आणि ‘आजीने / केलेली गरम भाकरी’ या दोन्ही थांब्यांमागे काही विचार आहे, पण ‘आजीने केलेली गरम / भाकरी त्याने’ या थांब्यामागे नाही. परदेशी पट्टीत ‘शब्दगट’ एवढेच लिहिलेले असते. तो गट मराठीत कसा पडतो, हे शिक्षकाला उदाहरणांनी दाखवायला हवे.

बोलीचा मुद्दा वेगळा काढतो, कारण सगळ्यात जास्त अन्याय तिथे होतो. ‘शुद्ध व स्पष्ट उच्चार’ हा निकष दिसायला निरुपद्रवी आहे. विदर्भातल्या वर्गात ण-न चा, ळ-य चा खेळ असतो. अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाचे स्वर वेगळे पडतात. मेळघाटातले कोरकू मूल किंवा सातपुड्यातले पावरी मूल तर छापील मराठी ही दुसरी भाषा म्हणून शिकत असते. त्याच्याकडून पहिल्या सत्रात ‘आवाजातला भाव’ मागणे म्हणजे जे अजून समजलेले नाही त्याचा अभिनय मागणे आहे. केनेथ गुडमन यांनी साठच्या दशकात वाचनातल्या चुकांचा अभ्यास सुरू केला आणि पुढे आग्रहाने मांडले की बोलीमुळे बदललेला उच्चार ही वाचनाची चूक नाही. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणणे आणि ‘पाणी’ला ‘पाने’ म्हणणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात अर्थ शाबूत आहे, दुसऱ्यात हरवला आहे. रुब्रिकमध्ये हा फरक उदाहरणासकट लिहिलेला नसेल, तर चाचणी घेणारा आपापल्या कानाप्रमाणे निकाल देईल. आणि शिक्षकाचा कान डी.एड.पासून प्रमाणभाषेवर घासलेला असतो.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ अभ्यासात पालघर जिल्ह्यातल्या वाडा आणि कर्नाटकातल्या यादगीर इथली मुले पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेत तपासली होती, एका ठिकाणी मराठी, दुसऱ्या ठिकाणी कन्नड. अक्षरओळख पहिल्याच वर्षात उरकेल असे अभ्यासक्रम धरून चालतो आणि प्रत्यक्षात पुष्कळ मुले पुढच्या इयत्तांतही तिथेच झगडत असतात, हे त्यातून पुढे आले. आपल्या बहुतेक रुब्रिक मात्र वरच्या टोकाला नाजूक आणि खालच्या टोकाला ओबडधोबड असतात. ‘भावपूर्ण’ आणि ‘अत्यंत भावपूर्ण’ यांत दोन पायऱ्या, पण खाली सरळ ‘वाचता येत नाही’. जिथे सर्वाधिक मुले आहेत आणि जिथे शिक्षकाला मदत सर्वाधिक लागते, तिथेच पट्टीवर एकही खूण नाही. मूल मुळाक्षर ओळखते पण मात्रा लावल्यावर गडबडते, मात्रा ओळखते पण दोन अक्षरे जोडून शब्द होत नाही, शब्द होतो पण पुढच्या शब्दाला जाईपर्यंत मागचा विसरतो, या तिन्ही अवस्था वेगळ्या आहेत आणि तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. नव्या रुब्रिकचा अर्धा भाग तरी याच पट्ट्यात असावा.

इथपर्यंत आपले-माझे फारसे मतभेद नसावेत. खरा वाद पुढे आहे. इतकी चांगली रुब्रिक झालीच, तर तिची माहिती राज्याकडे का येऊ नये? उत्तरासाठी आपल्याच इतिहासाकडे पाहतो. २०१० साली महाराष्ट्राने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन स्वीकारले. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आले, त्यात प्रकटवाचन आले, आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंद करायची ठरले. कल्पना उत्तम होती. मग नोंदवह्या तपासल्या जाऊ लागल्या. तपासणीच्या वेळी रकाना रिकामा दिसला की विचारणा होऊ लागली, आणि थोड्याच काळात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पुस्तिका आणि पीडीएफ घरोघर झाल्या. ‘प्रकटवाचन स्पष्ट व आरोहावरोहासह करतो’ हे वाक्य राज्यातल्या किती मुलांच्या नावापुढे लिहिले गेले असेल, कुणास ठाऊक. नोंद मुलाविषयी होती, पण लिहिली गेली तपासणाऱ्यासाठी. याला शिक्षकांची लबाडी म्हणणे सोपे आहे, पण चाळीस मुलांच्या, आठ विषयांच्या, दोन सत्रांच्या नोंदी ज्याला मागितल्या त्याने आणखी काय करायला हवे होते?

आकडा वर जाणार असला की प्रामाणिक कानही कसा झुकतो, याचे याहून नेमके उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. तिथे २०१२ पासून पहिल्या इयत्तेतल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक चाचणी होते. मुलाने चाळीस शब्द मोठ्याने वाचायचे, त्यातले निम्मे अर्थहीन, आणि त्याच्याच शिक्षिकेने शेजारी बसून बरोबर-चूक लिहायचे. उत्तीर्ण व्हायला ३२ लागत. पहिल्या दोन वर्षांत ही रेषा आधीच जाहीर होती. निकालाचा आलेख काढला तेव्हा ३१ गुणांची मुले अगदी थोडी आणि ३२ वर एकदम सुळका. मुलांची वाचनक्षमता अशी एका गुणावर उडी मारत नसते. २०१४ पासून रेषा चाचणीनंतर जाहीर करायचे ठरले आणि सुळका बराच बसला. हे शिक्षक खोटारडे नव्हते. एखादा शब्द अर्धवट ऐकू येतो, मूल घाबरलेले असते, काल त्याने हाच शब्द नीट म्हटलेला असतो, आणि रेषा एका गुणावर असते. तिथे तर निवाडा फक्त बरोबर की चूक असा होता. आपली रुब्रिक त्याहून कितीतरी लवचीक आहे. ‘काही वेळा अडखळतो’ आणि ‘क्वचित अडखळतो’ यांतली रेषा वाकवायला तर जोरही लागत नाही. ‘अमुक टक्के मुले निपुण करा’ असा आदेश आणि हातात अशी पट्टी, या दोन गोष्टी एकत्र आल्या तर निकाल काय येईल, हे आजच सांगता येते.

चावडी वाचनाबद्दल इथेच दोन शब्द. निपुण महाराष्ट्रच्या कृती कार्यक्रमात मुलांनी गावासमोर वाचून दाखवण्याचा जो उपक्रम आला, त्यातला पालकांना शाळेशी जोडण्याचा हेतू मला मान्य आहे. गोष्ट वाचून दाखवण्याचा सोहळा जरूर करा, पण त्या गर्दीत मुलाची पातळी ठरवू नका. ज्याला वाचता येते ते मूल तिथे खुलते. ज्याला येत नाही त्याची फजिती सगळे गाव पाहते, आणि शिक्षक पुढच्या वेळी त्याच्या हाती पाठ करून घेतलेला परिच्छेद देतो.

यावर पहिला आक्षेप उत्तरदायित्वाचा, आणि तो हलका नाही. सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले देशभरात २०२२ मध्ये १६.३ टक्के आणि २०२४ मध्ये २३.४ टक्के, असे ‘असर’चा ग्रामीण भागाचा अहवाल सांगतो. सुधारणा आहे, तरी चारांतली तीन मुले मागेच आहेत. अशा वेळी राज्याने डोळे मिटून बसावे काय? मुळीच नाही. पण हे आकडे कळले कसे, तेही पाहा. ‘असर’ २००५ पासून घरोघर जाऊन, निवडक गावांत, बाहेरच्या माणसांकडून मुलांना वाचायला लावते. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट एवढीच त्यांची पट्टी. २०२२ चे पायाभूत सर्वेक्षणही नमुन्याचेच होते. राज्याची, जिल्ह्याची स्थिती समजायला प्रत्येक मुलाच्या नावाची नोंद लागत नाही. नीट निवडलेला नमुना आणि निकालात ज्याचे काही अडकलेले नाही असा चाचणी घेणारा, एवढे पुरते. त्या कामाला साधी, ढोबळ पट्टीच बरी. वर्गातली रुब्रिक बारीक असावी आणि राज्याची पट्टी जाड, दोन्ही कामे एकाच कागदाकडून करून घेऊ नयेत. नमुन्यातून एकेका शाळेचे चित्र कळणार नाही, हे खरे. काही निष्काळजी शिक्षक त्यातून सुटतील, हेही खरे. त्यासाठी केंद्रप्रमुखांनी शाळेत जाऊन पाच मुलांचे वाचन स्वतः ऐकावे आणि शिक्षकाशी त्याच पाच मुलांवर बोलावे. यातून थोडे शिक्षक सुटले तरी ते नुकसान मी पत्करीन, कारण दुसऱ्या बाजूला सगळ्याच शिक्षकांच्या नोंदी निरर्थक होण्याचा धोका आहे आणि २०१० नंतर तो आपण एकदा भोगला आहे.

दुसरा आक्षेप, रुब्रिक व्यक्तिसापेक्ष आहे, दोन शिक्षक एकाच मुलाला दोन पायऱ्यांवर ठेवतील. ठेवतीलच. नोंद वर जाणार असेल तर हा दोष आहे, वर्गात राहणार असेल तर हाच शिकण्याचा मुद्दा आहे. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एका मुलाचे एक मिनिटाचे ध्वनिमुद्रण ऐकवा, नाव-गाव न सांगता, पालकांना विचारून केलेले, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर न फिरवता. पंधरा शिक्षकांनी आपापली पायरी लिहावी आणि मग भांडावे. ‘ती पिल्लं म्हणाली, म्हणजे तिला कळलं’ असे एकाने म्हणावे, ‘पण छापलंय पिल्ले’ असे दुसऱ्याने. या अर्ध्या तासात जे घडेल ते पीपीटीच्या तीन दिवसांत घडणार नाही.

वेळेचा आक्षेप शिक्षकांकडून येईल. द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या बाईंनी एकेका मुलाला ऐकायचे कधी? एका मुलाला एक मिनिट वाचन आणि दोन मिनिटे गप्पा धरा. रोज दोन मुले घेतली तर तीस मुलांचा फेरा पंधरा शाळा-दिवसांत पुरा होतो. हे जमण्यासारखे आहे, पण एका अटीवर: ऐकल्यावर वहीत मुलाच्या नावापुढे एकच ओळ लिहायची, आणि ती कुणी तपासायची नाही. ज्या क्षणी ती ओळ ॲपवर चढवा असे सांगाल, त्या क्षणी तीन मिनिटांची दहा मिनिटे होतील आणि त्यातली सात मोबाइलला रेंज शोधण्यात जातील.

पालकांना आकडा हवा असतो, असेही म्हटले जाते. ‘तुमची मुलगी शब्द ओळखते, आता वाक्याच्या शेवटी थांबायला शिकतेय, घरी रोज एक पान तुम्हाला वाचून दाखवू दे’ हे ऐकल्यावर किती पालक आकडा मागतील, याची मला शंका आहे. झरा-पर्वत-आकाश ही नावे गोड आहेत, पण मूल झऱ्यावर आहे म्हणजे त्याला उद्या काय द्यायचे, हे नावातून कळत नाही. वर्णनातून कळते. समग्र प्रगती पत्रकात वाचनापुढे पायरीच्या जागी असे एक वाक्य लिहायची मुभा द्या, आणि त्या वाक्यांचे नमुने मात्र कृपा करून छापू नका. नाहीतर पुन्हा पुस्तिका निघतील.

माझे मागणे थोडक्यात असे. मराठी प्रकटवाचनासाठी परिषदेने स्वतःची रुब्रिक तयार करावी, आणि तिचे वर्णन वाडा, मेळघाट, धडगाव, सावंतवाडी अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या मुलांची ध्वनिमुद्रणे ऐकून लिहावे. तिच्यात ‘शुद्ध उच्चार’ आणि ‘मोठा आवाज’ हे निकष नसावेत. बेरीज तर मुळीच नसावी. बोलीतले वाचन चूक धरू नये, हे उदाहरणांसह छापावे. खालच्या पायऱ्या बारीक कराव्यात. वेग मोजायचाच असेल तर परिषदेने मराठीसाठी शब्दांऐवजी अक्षरांचे माप अजमावून पाहावे. आणि ज्या ज्या नमुन्यात मुलाची वाचनपातळी नावानिशी वर पाठवायचा रकाना आहे, तो पुढच्या सत्रापासून काढून टाकावा. वरिष्ठांना माहिती हवी असेल तर नमुना सर्वेक्षणाची तारीख ठरवावी आणि चाचणी घ्यायला दुसऱ्या तालुक्यातली माणसे पाठवावीत. परिपत्रक काढायचे झाल्यास ते जून महिन्यात, शाळा उघडण्याआधी निघावे. सत्र सुरू झाल्यावर निघालेले परिपत्रक शिक्षक वाचतात ते फक्त अंतिम तारीख पाहण्यासाठी.

कळावे,

आपला,
प्राथमिक शिक्षणाचा एक अभ्यासक